जिओसचा वेग पडद्यावर नाही, ड्राइव्हवर ठरतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चालू स्थितीतला कमोडोर ६४ (१९८०च्या दशकातला ६४ किलोबाइटचा घरगुती संगणक) आहे, सोबत एक १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह आहे, त्यावर जिओस, म्हणजे मेनू, आयकॉन आणि माउसचं चित्ररूप वातावरण, लावून पाहिलं. दिसायला छान, पण प्रत्येक गोष्टीसाठी ताटकळावं लागतं. मग हे त्या काळी खरंच कामाचं होतं की नुसता देखावा? आणि त्याऐवजी दुसरं काही लावावं का?

देखावा मुळीच नव्हता. मात्र एकच ड्राइव्ह आणि जादा मेमरी नाही, ही जिओससाठी सगळ्यात कष्टाची जोडणी आहे. मेनू आणि आयकॉन रंगवणं हा अशा वातावरणाचा सोपा भाग. ६४ किलोबाइटमध्ये न मावणारं काम मावतंय असं भासवणं हा अवघड भाग, आणि त्याचा सगळा भार ड्राइव्हवर येतो.

हिशोबच बघा. ३२० बाय २०० ठिपक्यांचा पडदा म्हणजे ८,००० बाइट. जिओस त्याची आणखी एक प्रत मेमरीत ठेवतं, म्हणजे मेनू उघडून मिटला की त्याखालचं चित्र त्या प्रतीतून परत आणता येतं. गेले आणखी ८,००० बाइट. मग खुद्द जिओसचा गाभा, अक्षरांचे साचे, ड्राइव्हशी बोलणारा भाग. हे सगळं वजा जाता अ‍ॅप्लिकेशनच्या वाट्याला जेमतेम २३ किलोबाइट उरतात. पडद्याच्या दुसऱ्या प्रतीवर पाणी सोडलं तर ती जागाही वापरता येते, पण मग मेनूखालचं चित्र अ‍ॅप्लिकेशननं स्वतः पुन्हा काढायचं. एवढ्या जागेत जिओराइट हा जिओसचा लेखन-प्रोग्राम वेगवेगळ्या रुंदीची अक्षरं, ठळक-तिरपे प्रकार आणि मजकुरात चित्रं हे सगळं करतं. हे जमतं कारण अ‍ॅप्लिकेशन कधीच पूर्णपणे मेमरीत नसतं. त्याचा एक तुकडा कायम आत असतो आणि बाकीचे लागतील तसे डिस्कवरून येतात-जातात. तुम्ही लिहिलेल्या दस्तऐवजाचंही तेच, प्रत्येक पान डिस्कवर स्वतंत्र नोंद म्हणून राहतं. अशा फाइलीला जिओसमध्ये व्हीएलआयआर म्हणतात आणि एका फाइलीत १२७ पर्यंत नोंदी बसतात. तुम्ही ताटकळत असता तेव्हा हीच ये-जा चाललेली असते.

इथे एक इशारा, कारण यात लोकांचं काम वाया जातं. जिओसच्या डिस्कवर बेसिकमधून ड्राइव्हची नेहमीची व्हॅलिडेट (डिस्कवरच्या मोकळ्या जागेचा हिशोब नव्यानं करणारी) आज्ञा कधीही देऊ नका. १५४१ ला या नोंदी ठाऊक नाहीत. ज्या जागा तिला कुठल्या फाइलीला जोडलेल्या दिसत नाहीत त्या ती मोकळ्या ठरवते, आणि पुढच्या लिखाणात तुमची पानं पुसली जातात. डेस्कटॉपच्या (फाइली दाखवणाऱ्या जिओसच्या मुख्य पडद्याच्या) डिस्क मेनूत व्हॅलिडेट आहे, तेच वापरायचं.

आता वेग. १५४१ मूळ पद्धतीनं सेकंदाला साधारण ४०० बाइट देते. त्या वेगानं जिओस चालवणं अशक्यच होतं. पण या ड्राइव्हमध्ये तिचा स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ किलोबाइट मेमरी असते, आणि संगणकाकडून आलेला प्रोग्राम ती मुकाट्यानं चालवते. जिओसचं डिस्कटर्बो याचाच फायदा घेतं: स्वतःचा कोड ड्राइव्हमध्ये पाठवतं आणि पुढचं बोलणं आपल्या वेगवान पद्धतीनं करतं. त्यामुळे वेग पाच ते सात पट वाढतो. माझ्या मते जिओस बनवणाऱ्या बर्कली सॉफ्टवर्क्सचं खरं कसब इथे आहे. १९८६ साली कमोडोरनं आपल्या नव्या रूपातल्या ६४सी सोबत जिओस दिलं. टर्बो नसतं तर गिऱ्हाइकांनी ते आठवड्याभरात कपाटात टाकलं असतं.

पडद्याच्या बाजूला मात्र कमोडोरचं नशीब चांगलं. तिथे स्प्राइट आहेत, म्हणजे पडद्यावरच्या चित्राला धक्का न लावता त्यावर तरंगणारी छोटी चित्रं. माउसचा बाण हा स्प्राइट असल्यामुळे तो हलताना खालचं चित्र जपून ठेवायची आणि परत काढायची गरज नाही, ते काम व्हिडिओ चिप करते. जिओसच्या प्रत्येक फाइलीचा आयकॉन २४ बाय २१ ठिपक्यांचा, म्हणजे ६३ बाइटचा असतो, आणि स्प्राइटचं मापही नेमकं तेच. आयकॉन ओढताना बाणासोबत जी सावली सरकते ती स्प्राइटच असते. अ‍ॅपल २ वर ही सोय नाही, तिथे बाणसुद्धा प्रोसेसरलाच काढावा लागतो. कमोडोर १२८ च्या ८० स्तंभांच्या पडद्यावरही स्प्राइट नाहीत, म्हणून तिथल्या जिओसनं सॉफ्टवेअरमधून नकली स्प्राइट केले.

तर तुमच्या जोडणीला काय हवं? आधी मेमरी. कमोडोरचा आरईयू हा मेमरी-विस्तार किंवा त्याची नक्कल करणारं आजचं एखादं कार्ट्रिज मिळालं तर जिओसचं रूपच पालटतं. आरईयू प्रोसेसरला बाजूला ठेवून प्रत्येक घड्याळ-ठोक्याला एक बाइट हलवते, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख बाइट. जिओसच्या कॉन्फिगर प्रोग्राममध्ये त्यातून एक रॅम ड्राइव्ह (मेमरीतली नकली ड्राइव्ह) तयार करा, त्यावर डेस्कटॉप, जिओराइट आणि चालू दस्तऐवज ठेवा, आणि मग सांगा ताटकळावं लागतं का. फक्त वीज बंद करण्याआधी दस्तऐवज खऱ्या डिस्कवर उतरवायचं लक्षात ठेवा.

मेमरीची सोय होत नसेल तर दुसरी ड्राइव्ह शोधा. एका ड्राइव्हवर एका डिस्कवरची फाइल दुसरीवर न्यायची तर तिचा आयकॉन ओढून खालच्या पट्टीवर ठेवायचा, डिस्क बदलायची, आयकॉन नव्या डिस्कवर टाकायचा आणि मग डेस्कटॉप सांगेल तशी डिस्कांची अदलाबदल करत बसायचं. एकदोनदा गंमत वाटते.

तिसरी गोष्ट माउस. जॉयस्टिकनं जिओस चालतं, पण जिओपेंटमध्ये रेघ ओढून बघा, मग कळेल. १३५१ माउस मिळाला तर चालू करताना त्याचं उजवं बटण दाबलेलं नसावं, नाहीतर तो जॉयस्टिकची नक्कल करू लागतो आणि बाण आठ दिशांतच हलतो. नीट चालतो तेव्हा त्याची जागा चक्क सिड ही ध्वनी चिप वाचत असते, कारण पॅडलसाठीचे (खेळांसाठीच्या फिरवायच्या खुंटीसाठीचे) इनपुट तिच्यावरच आहेत.

एसडी कार्डाच्या ड्राइव्हबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल म्हणून सांगतो. डिस्कटर्बोला ड्राइव्हमध्ये कोड चालवायचा असतो. त्यामुळे आतला ६५०२ सकट पूर्ण १५४१ ची नक्कल करणारं उपकरण (पाय१५४१ किंवा अल्टिमेट) निर्धास्त घ्या. एसडी२आयईसी तशी नक्कल करत नाही, ते ठरावीक टर्बो पद्धती ओळखून त्यांना उत्तर देतं. त्यामुळे तिथे कुरबुरी संभवतात. व्हाइस या इम्युलेटरमध्येही (आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्येही) याच कारणासाठी खऱ्या ड्राइव्हची नक्कल चालू ठेवूनच जिओस सुरू करावं.

दुसरं काही लावावं का, तर ते तुम्हाला काय हवं त्यावर आहे. कॉन्टिकी हे दुसरं वातावरण अ‍ॅडम डंकेल्स यांनी २००३ साली आणलं. त्यात अक्षरांनी काढलेल्या खिडक्या आहेत, आणि कमोडोर ६४ वर वेब ब्राउझर चालतो हे दाखवण्यासाठी ते गाजलं. लिहिण्या-रंगवण्यासाठी ते उपयोगाचं नाही. पण त्यातली एक युक्ती बघण्यासारखी आहे. ६५०२ चा स्टॅक (चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) २५६ बाइटचा आणि जागेला खिळलेला, म्हणून प्रत्येक कामाला वेगळा स्टॅक देणं महाग पडतं. कॉन्टिकीतल्या प्रोटोथ्रेडना (आळीपाळीनं चालणाऱ्या छोट्या कामांना) स्वतःचा स्टॅकच नसतो, प्रत्येकी दोनेक बाइटवर भागतं. पुढे कॉन्टिकी छोट्या सेन्सर यंत्रांमध्ये गेलं आणि तिथेच जास्त वापरलं गेलं.

एकमेकांवर चढणाऱ्या खिडक्या आणि एकाच वेळी अनेक प्रोग्राम हवे असतील तर सिंबओएस. पण ते कमोडोरचं नाही. अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी, एमएसएक्स२ यांसारख्या झेड८० प्रोसेसरच्या यंत्रांचं आहे आणि त्याला किमान १२८ किलोबाइट लागतात. झेड८० चा स्टॅक मेमरीत कुठेही ठेवता येतो, त्यामुळे एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारणं तिथे स्वस्त पडतं. जिओसमध्ये अशी उडी नाही. तिथे एका वेळी एक अ‍ॅप्लिकेशन, आणि वर डेस्क अ‍ॅक्सेसरी (कॅल्क्युलेटरसारखा छोटा प्रोग्राम) उघडली की खालच्या अ‍ॅप्लिकेशनचा तेवढा भाग तात्पुरता डिस्कवर लिहून ठेवला जातो. (पुन्हा डिस्कच.) अ‍ॅपल २ कडे माउसडेस्क होतं, जे पुढे अ‍ॅपल २ डेस्कटॉप झालं. १२८ किलोबाइटच्या यंत्रावर ५६० बाय १९२ ठिपक्यांत ते फार सुबक दिसतं, आणि हौशी मंडळींनी त्याचा यंत्रसंकेत उलगडून ते आजही सुधारत ठेवलं आहे. पण ते मुख्यतः फाइली आवरण्याचं साधन आहे. जिओसभोवती लिहिण्यापासून पानं जुळवण्यापर्यंतचा जो संसार होता, तसा त्याच्याभोवती नाही.

म्हणून तुमच्या यंत्रावर जिओस २.० च ठेवा. मूळ डिस्क असेल तर तिला लिखाण-बंदीची पट्टी लावून जपण्याचा मोह होईल, पण एक लक्षात घ्या: नव्या कोऱ्या जिओसमधली अ‍ॅप्लिकेशनं पहिल्यांदा चालवताना तुमच्या प्रतीच्या क्रमांकाशी बांधली जातात आणि तेव्हा डिस्कवर लिहावं लागतं. ते एकदा झालं की मग पट्टी लावा.

आणि फाइली आधुनिक संगणकावर न्यायच्या असतील तर एकेक उचलून नेऊ नका. जिओसच्या फाइलीसोबत तिचा आयकॉन आणि माहिती वेगळ्या सेक्टरमध्ये असते, ती वाटेत गळते आणि व्हीएलआयआर फाइलीचा तर नुसता निर्देशांकच हाती येतो. एकतर पूर्ण डिस्कची प्रतिमा न्या, नाहीतर आधी कन्व्हर्ट या प्रोग्रामनं फाइल एकसंध करून घ्या आणि परत आणल्यावर त्याच प्रोग्रामनं उलगडा.