सर्व्हर चावी बनवूनच नाही राह्यला!

प्रश्न : नमस्कार भाऊ. महाल भागात आमचं टॅक्सचं ऑफिस आहे. रोजचा बॅकअप जीपीजी नावाच्या सॉफ्टवेअरनं एन्क्रिप्ट करायचा (कुलूपबंद करायचा) म्हणून भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर, सेंटओएस 7 लिनक्स आहे त्याच्यावर, की म्हणजे चावी बनवायला बसलो तर तो अर्धा तास अडकूनच राह्यला, म्हणे माऊस हलवा, कीबोर्ड दाबा. एसएसएचमध्ये (दुरून सर्व्हरला जोडलेल्या खिडकीत) येड्यासारखं टाइप केलं, काही फरक नाही. मग नेटवर मिळालं की आरएनजीडीला (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, रँडम आकडे पुरवणारा प्रोग्रॅम) डेव्ह-यूरँडम (कर्नल स्वतःच रँडम आकडे देते ती फाइल) जोडून द्या. जोडलं अन् चावी लगेच तयार! पण पोरगं म्हणते हे चुकीचं आहे. चालते ना?

उत्तर : पोरगं बरोबर बोलून राह्यलं. तुम्ही टाकीच्याच नळातून बादली भरली, तीच वरून टाकीत ओतली अन् पाणी वाढलं म्हणून खुश झाले. चावीला अंदाज न लागणारे आकडे लागतात; यूरँडम कर्नलच्याच पूलमधून, म्हणजे त्या आकड्यांच्या साठ्यातून निघते, आरएनजीडी तेच परत आत टाकते, एन्ट्रॉपीचा (साठा किती बेअंदाज आहे त्याचा) आकडा भराभर वर चढते पण नवीन काही आलंच नाही ना बाप्पा. टायपिंगचं म्हणाल तर त्या सर्व्हरला कीबोर्ड लागलाच नाही, तुमची अक्षरं नेटवर्कवरून जातात. अन् सेंटओएस 7 चं कर्नल 3.10, त्यात डेव्ह-रँडम, जिथून जीपीजी आकडे घेते, एन्ट्रॉपीचा हिशोब कमी पडला की थांबते. 2020 च्या 5.6 कर्नलपासून सुरुवातीला एकदा पूल तयार झाला की मग अडकत नाही.

यूरँडम वाईट असं नाही, बरेच दिवस चालू असलेल्या मशीनवर ठीकच असते. लफडं होते नुकत्याच बूट झालेल्या नाहीतर क्लोन केलेल्या मशीनवर, तिथं पूल पुरता भरलेला नसते नाहीतर दुसऱ्या मशीनसारखाच असते. रँडम कमी पडलं तर काय होते ते पाहा : डेबियन लिनक्समध्ये 2006 साली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या कोडातल्या ओळी काढल्या, सीडमध्ये (आकडे जिथून सुरू होतात त्या बीजात) प्रोसेस नंबर तेवढा उरला, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका साइझच्या जेमतेम 32,768 कीज, अन् हे उघड झालं 2008 मध्ये! म्हणून ती की फेका, आरएनजीडीची ती ओळही काढा. सर्व्हरवाल्याला विचारा व्हर्टआयओ-आरएनजी (खऱ्या मशीनकडून व्हर्च्युअल सर्व्हरला रँडम आकडे देणारी सोय) देते का, नसन तर हॅवेज्ड (एन्ट्रॉपी गोळा करणारा प्रोग्रॅम) टाका.

पण मी म्हणतो, ही चावी सर्व्हरवर बनवताच काऊन? चाव्यांची जोडी असते : पब्लिक की कुलूप लावते, प्रायव्हेट की उघडते. एन्क्रिप्ट करायला नुसती पब्लिक की पुरते. घरच्या लॅपटॉपवर जोडी बनवा, पब्लिक तेवढी सर्व्हरवर न्या, मग उद्या सर्व्हर कोणी फोडला तरी तिथं प्रायव्हेट की सापडणारच नाही. प्रायव्हेट कीची कॉपी दोन पेनड्राइव्हवर ठेवा. अन् फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा छोटा कोड) जुळवून सर्व्हरवर त्या पब्लिक कीला ट्रस्ट द्यायचं, म्हणजे ती आपलीच म्हणून जीपीजीला सांगायचं विसरू नका, नाहीतर रात्रीची स्क्रिप्ट एरर देऊन बंद पडन अन् तुम्हाला वाटन बॅकअप होऊन राह्यला.