भोके पाडण्याआधी विचारायला हवे होते

ठाण्याच्या एका ड्रमवादकाचे पत्र आहे. दुकानातून ‘साठच्या दशकातला लुडविग सुप्राफोनिक, शेल पितळी’ असे बिलावर लिहून घेतलेला स्नेअर (लुडविग कंपनीचा, खाली तारा असलेला छोटा ड्रम; शेल म्हणजे त्याचे गोल अंग) सात महिन्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा निघाला. तो परत करून पैसे मिळतील का? हार्मोनियम, घड्याळे, कॅमेरे, वस्तू बदलते, पत्र तेच असते.

फसवणुकीवर तुम्ही दोन पाने लिहिलीत. निकाल मात्र तुमच्या एका ओळीत आहे : ‘स्ट्रेनर सैल होता, नवा बसवताना शेलला दोन भोके पाडावी लागली.’ (स्ट्रेनर म्हणजे खालच्या तारा ताणणारा खटका.)

माल विक्री अधिनियम, १९३० चे कलम ४२ वाचा. माल ताब्यात आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही केले, किंवा नापसंती न कळवता वाजवीपेक्षा जास्त काळ माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे कायदा धरतो. तुम्ही दोन्ही केलेत. मग कलम १३ प्रमाणे माल नाकारण्याचा हक्क जातो आणि उरते ती कलम ५९ खालची नुकसानभरपाई, म्हणजे ढोबळमानाने पितळी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ड्रमच्या किमतीतला फरक. ग्राहक आयोगाला पूर्ण किंमत परत देवविण्याचे अधिकार आहेत, पण भोके पाडलेल्या शेलवर तो ते वापरेल, या भरवशावर राहू नका.

दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही, म्हणून तुम्ही पितळ मानलेत. अहो, अ‍ॅल्युमिनियमला तरी कुठे चिकटतो? लुडविगने १९६३ च्या सुमारास या ड्रमचे शेल पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे करायला घेतले. वजन हातालाच कळते, आणि क्रोमवर आलेले बारीक खड्डे अ‍ॅल्युमिनियमचीच ओळख. म्हणजे ‘साठच्या दशकातला’ हे खरेही असेल. शेलवरच्या कंपनीच्या बॅजवर जो क्रमांक असतो त्यावर वाद घालत बसू नका, बॅज बदलता येतो. तुमची तक्रार ‘पितळी’ या शब्दापुरतीच ठेवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बिलावरचा शिक्का वर्णन चुकल्याची जबाबदारी पुसतो, असे मला वाटत नाही. तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवून पोट भरता, म्हणून ही ‘व्यावसायिक खरेदी’ आहे, तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप आयोगापुढे येईल. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायच्या वस्तूला असलेला स्वयंरोजगाराचा अपवाद बहुधा लागू होईल.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षे. ती खरेदीच्या तारखेपासून मोजा, शोध लागल्यापासून नको. चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे ग्राहक कायदा म्हणतो. तारखा कशा पडतात ते तुम्ही बघालच. म्हणून आधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून किमतीतला फरक मागा. जाणत्या दुरुस्तीकाराकडून शेलच्या धातूचा लेखी अहवाल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण मूळ फोनमध्येच राहू द्या, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल. काढलेला जुना स्ट्रेनर जपून ठेवा, आणि आता त्या शेलला पॉलिशसुद्धा लावू नका.