ब्लॅक आइड सुझनला कृष्णनेत्रा म्हणू नका

अमेरिकेतल्या मेरीलँडहून एका ताईंनी विचारलंय की मागच्या अंगणात ब्लॅक आइड सुझन लावलीय, लेकीला शाळेत 'आमच्या भाषेत या फुलाचं नाव' सांगायचंय, तर 'कृष्णनेत्रा' चालेल का. शिवाय पानांवर पांढरी बुरशी येतेय, तिचं काय करू.

आधी कृष्णनेत्रा. अहो, नका हो. कुठल्या फॉरवर्डमधून निघालाय हा शब्द देव जाणे, पण बागकामाच्या ग्रुपवर कुणीतरी तो चिकटवतंच आणि खाली 'किती गोड आपली मराठी' असं लिहितं. यात मराठी कुठाय? टपोऱ्या डोळ्यांची नात बघून आजी कृष्णनेत्रा म्हणते का? ती म्हणते काळेभोर डोळे आहेत गं पोरीचे. आणि चवळीलाही इंग्रजीत ब्लॅक आइडच म्हणतात, तिथल्या इंडियन स्टोअरमधून तुम्ही चवळीचं पाकीट आणता, कृष्णनेत्र कडधान्य नाही आणत.

(इकडे नर्सरीत 'ब्लॅक आइड सुझन' मागितली तर केशरी फुलांची वेल हातात देतात, ती थनबर्जिया, अबोलीच्या कुळातली. तुमची रुडबेकिया, सूर्यफुलाच्या कुळातली. दोघींचं काही नातं नाही.)

तर काळेभोर. यातला 'भोर' कोण? एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ठासून सांगितलं की भोर म्हणजे पहाट, हिंदीतला. सर, पहाटेला उजाडतं, काळं कसं होईल? दुसरे एकजण म्हणाले नुसता जोर द्यायला लावलेला शब्द, अर्थ शोधू नका. असं म्हटलं की कोशवाल्यांचं काम संपतं, माझं नाही संपत. पिवळाजर्द घ्या, जर्द म्हणजे फारसीत पिवळाच, म्हणजे आपण पिवळापिवळा म्हणतो. पांढराशुभ्रचंही तेच. म्हणजे या जोड्यांतला दुसरा शब्द दरवेळी भरताड नसतो.

माझं म्हणणं असं की हा भोर म्हणजे भुंगा. संस्कृत भ्रमर, प्राकृतात भमर, गुजरातीत भमरो, हिंदीत भौंरा. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसा मधला म गळून व झाला आणि भवरचा भोर व्हायला कितीसा वेळ लागतो. काळाभोर म्हणजे भुंग्यासारखा काळा, नुसता काळा नाही तर चकाकणारा, जिवंत. म्हणून डोळे आणि केस काळेभोर असतात, तवा काळाकुट्ट असतो. काळाभोर तवा म्हणून बघा, जीभच अडते.

आणि आता ताई, तुमचं फूल जवळून बघा. पिवळ्याजर्द पाकळ्यांच्या मधोमध ती चॉकलेटी-काळी घुमटी, अगदी भुंगा पंख मिटून बसल्यासारखी. तिच्यावर शेकडो बारकी फुलं असतात, ती कडेकडून वर उमलत जातात, त्यामुळे रोज परागांची पिवळी रिंग थोडी वर सरकलेली दिसते. आणि त्यांची मांडणी गरगर फिरत गेलेली, म्हणजे भोवरा, आणि भोवरासुद्धा त्याच भ्रमरातून आलाय! अजून ऐका, मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो आणि या पाकळ्यांचा बुडाकडचा भाग तो शोषून घेतो, म्हणजे तिच्या नजरेत मधला काळा गोल आपल्याला दिसतो त्याहून कितीतरी मोठा. याला काळभोरी म्हणायचं नाही तर कशाला? लोणी काळभोरकरांनी राग मानू नये.

फार ताणतोय म्हणाल तर हे फूलच तसल्या माणसाच्या नावाचं आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने रुडबेकिया नाव ठेवलं ते स्वीडनच्या उप्सालातल्या रुडबेक बापलेकांवरून. त्यातले थोरले (१६३०-१७०२) शरीरातल्या लसिकावाहिन्या शोधणारे, उप्सालात वनस्पती उद्यान उभारणारे, म्हणजे मोठाच माणूस, पण नंतर दंतकथेतलं बुडालेलं बेट अटलांटिस म्हणजे आमचं स्वीडनच हे सिद्ध करायला जाडजूड खंड लिहीत बसले आणि जगभरचे शब्द ओढूनताणून स्वीडिशमध्ये आणले. आपल्याकडे व्हॅटिकन म्हणजे वाटिका म्हणणारे पु. ना. ओक होऊन गेले, तीच जातकुळी. मी त्यातला नाही, माझं भ्रमर ते भोर ध्वनिनियमांत बसतं.

हां, बुरशी राहिली. तिला भुरी म्हणा, बुरशी म्हणजे शिळ्या पावावरची. नाशिकचा द्राक्षवाला भुरी आणि केवडा हे दोन रोग वेगळे सांगतो, पानावर पिठूळ पांढरं ते भुरी. रोपं दाटीने लावली असणार, दोन रोपांत हातभर अंतर ठेवा, सहा तास तरी ऊन हवं, पाणी सकाळी बुडाशी घाला, पानांवर नको. खरखरीत केसाळ पानं असतात, शास्त्रीय नावात रुडबेकियापुढे हिर्टा आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तोच, फार खराब झालेली खुडून कचऱ्यात टाका. खत कमी, नाहीतर रोप नुसतं माजतं आणि आडवं पडतं. सुकलेली फुलं काढत राहिलात तर ऑक्टोबरपर्यंत फुलेल, पण शेवटची दहाबारा ठेवा, गोल्डफिंच पक्षी बिया टिपायला येतात. हे रोप दोन-तीन वर्षांत मरतं, खाली सांडलेल्या बियांतूनच पुढचं येतं, त्यांना उजेड लागतो, वरून माती लोटू नका.