पाऊस लागल्यावर कूलर गार हवा का देत नाही?

नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतही, घर गार ठेवणारा कूलर पाऊस लागला की नुसती चिकचिक का करतो, नव्या ताट्या (कूलरच्या बाजूंचे पाण्याने भिजणारे पॅड) बसवून फरक पडेल का, की सरळ एसी घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवतो. आपल्या वर्णनावरून कूलरमध्ये बिघाड दिसत नाही, त्यामुळे ताट्यांवर आत्ता खर्च करू नये.

ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढली गेली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. एका लिटरमागे ही उष्णता सुमारे २४०० किलोज्यूल भरते. म्हणजे दीड टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता उचलतो, तेवढी टाकीतले आठेक लिटर पाणी आटताना शोषली जाते. मात्र हे सारे हवेच्या कोरडेपणावर चालते. मे महिन्यात दुपारी तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीचा पारा २४ अंशांच्या आसपास उतरतो. कूलरची हवा या पाऱ्याच्या खाली जाऊ शकत नाही; चांगला कूलर २९-३० अंशांची हवा देतो. जुलैत ३२ अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना तोच पारा २९ अंशांवरच अडतो. उतरायला जागा जेमतेम तीन अंशांची, आणि आत येणारी हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळत नाही. चिकचिक होते ती यामुळे.

एसीचे काम वेगळे आहे. खोलीतल्या कॉइलमध्ये गॅस कमी दाबाखाली उकळून उष्णता घेतो, आणि कॉम्प्रेसर त्याला दाबून इतका तापवतो की भर उन्हातही ती उष्णता बाहेर टाकता येते. कॉइल थंड असल्यामुळे हवेतील बाष्पही तिच्यावर जमते. बाहेरच्या नळीतून ठिबकते ते हेच पाणी. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी असे यंत्र आखले, तेसुद्धा कागद दमट होऊ नये म्हणूनच.

तरीही केवळ पावसाळ्यासाठी एसी घेणे मला पटत नाही. कूलरला साधारण दोनशे वॅट पुरतात, तर दीड टनाच्या एसीला दीड किलोवॅटच्या आसपास वीज लागते, आणि गावाकडे सायंकाळी व्होल्टेज पडले की कॉम्प्रेसरच सुरू होत नाही. शिवाय टिनाच्या घरात छताखाली सिलिंग नसेल आणि भिंतीच्या वरून फटी असतील, तर बाहेरची दमट हवा सतत आत येत राहते.

सध्या कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. पुढे एसी घेतलाच, तर त्या खोलीत कूलर लावू नये, कारण कूलरने सोडलेले बाष्प काढण्यातच एसीची बरीचशी वीज जाईल.