नैराश्याची गोळी चालू आहे. आरोग्य विमा घेताना ते सांगू का? आणि सांगितलं तर मानसिक आजाराला कव्हर खरंच मिळतं का?

तुमची परिस्थिती अशी: वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, दोन वर्षांपासून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू, आजवर ॲडमिट व्हावं लागलेलं नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, पण नोकरी बदलायची आहे म्हणून स्वतःची ५ लाखांची पॉलिसी काढायची आहे. एजंट म्हणतोय, "गोळीचं लिहू नका, उगाच रिजेक्ट होईल."

लिहा. एजंटाचं काम पॉलिसी निघाली की संपतं. प्रपोजल फॉर्मवर सही मात्र तुमची असते आणि क्लेमच्या दिवशी तोच फॉर्म बाहेर निघतो.

साधा हिशोब बघा. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआय हिच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा डॉक्टरांनी उपचार सुचवलेला वा दिलेला आजार म्हणजे 'आधीपासूनचा आजार'. तुमचं नैराश्य त्यात बसतं. पण अशा आजाराचा वेटिंग पीरियड (ज्या काळात त्याचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतो. म्हणजे सांगितलंत तर फार तर तीन वर्षं थांबायचं, आणि तेही फक्त या आजारासाठी. डेंगी, अपेंडिक्स, अपघात यांचे क्लेम नेहमीसारखे चालतात. लपवलंत तर ६० महिने, म्हणजे पाच वर्षं सलग पॉलिसी चालवेपर्यंत कंपनी 'माहिती दडवली' म्हणून कुठलाही क्लेम नाकारू शकते आणि पॉलिसीही रद्द करू शकते. एजंट जे म्हणतात ना, "पाच वर्षं काढा, मग कोणी विचारत नाही", ते हेच. त्यातली अर्धी गोष्ट ते सांगत नाहीत: फसवणूक सिद्ध झाली तर पाच वर्षांनंतरही संरक्षण नाही.

आणि हे बाहेर पडतं कसं? हर्नियाचं साधं ऑपरेशन धरा. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात आणि विचारतात, "कुठली गोळी चालू आहे?" तिथे खोटं बोलणं धोक्याचं, त्यामुळे माणूस खरं सांगतो. कागदावर ओळ उमटते: 'टॅब. एस्सिटालोप्राम १०, २ वर्षे'. क्लेमसोबत टीपीए (कंपनीसाठी क्लेम तपासणारा) हॉस्पिटलची आयपीडी, म्हणजे ॲडमिट असतानाची, फाइल मागवतो, त्यात हा कागद असतोच. हर्नियाचा क्लेम नैराश्यापायी अडकतो तो असा.

फॉर्म भरताना 'मानसिक आजार : होय' एवढ्यावर थांबू नका. अंडररायटरच्या (अर्ज तपासून पॉलिसी द्यायची का ते ठरवणाऱ्याच्या) हातात माहिती कमी असली की तो वाईटातलं वाईट धरून चालतो. आपल्या सायकिॲट्रिस्टकडून लेटरहेडवर एक पान घ्या. त्यात निदान, कोणत्या महिन्यापासून उपचार, औषध आणि डोस, डोस वाढला की स्थिर आहे, ॲडमिशन नाही, आत्महत्येचा प्रयत्न नाही, कामावर नियमित जाणं चालू आहे, एवढं हवं. हल्ली फॉर्म एजंटच मोबाइलवर भरतो आणि तुमच्याकडून फक्त ओटीपी घेतो. म्हणून पॉलिसी आली की सोबत जोडलेली प्रपोजलची प्रत उघडा आणि आरोग्याच्या प्रश्नांपुढे काय टिक केलंय ते स्वतः पाहा. सगळीकडे 'नाही' दिसलं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून दुरुस्ती मागा. पहिले ३० दिवस फ्री-लुकचे असतात, पटलं नाही तर पॉलिसी परत करता येते.

खरं सांगितल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात: पॉलिसी तशीच मिळेल, प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा रक्कम, लागेल, किंवा नकार येईल. मानसिक आजाराला विमा देण्याचा कायदा आहे (तो पुढे येतोच) म्हणून प्रत्येक प्रपोजल घ्यायलाच हवं असं नाही, हा गैरसमज बराच पसरलाय. नकार आला तर कारण लेखी मागा आणि दुसऱ्या कंपनीकडे जा. एका गोळीवर स्थिर असलेल्या तिशीतल्या माणसाकडे सगळ्या कंपन्या सारख्या नजरेने बघत नाहीत. अपंग व्यक्ती, एचआयव्हीग्रस्त आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी वेगळी पॉलिसी आणा, असंही आयआरडीएआयने २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं. तुमच्या केसमध्ये मी तिला शेवटचा पर्याय धरेन. सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) किती आणि को-पे (बिलातला तुमचा वाटा) किती, हे आधी बघा.

आता कव्हरचं. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजाराच्या उपचाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये आयआरडीएआयने तसं परिपत्रक काढलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही कंपन्यांना हे पाळावंच लागेल असं बजावलं. त्यामुळे काउंटरवरचा कोणी "सायकिॲट्रिक आमच्यात कव्हर होत नाही" असं म्हणाला, तर ते जुनं पाठांतर आहे. तेच वाक्य ईमेलवर लिहून मागा, बहुतेकदा सूर बदलतो.

पण 'त्याच धर्तीवर' या शब्दांचा अर्थ नीट घ्या. शुगरवाल्याची दर महिन्याची गोळी आणि डॉक्टरांची फी साध्या पॉलिसीत मिळत नाही. तशी तुमचीही मिळणार नाही. पॉलिसी मुख्यतः २४ तासांहून जास्त ॲडमिट होण्यासाठी असते. ॲडमिशनच्या आधीचे ३० किंवा ६० दिवस आणि नंतरचे ६०, ९० किंवा १८० दिवस (पॉलिसीप्रमाणे) यांतली फी आणि औषधं त्या क्लेमला जोडता येतात. तुमचा आजचा खर्च मात्र पूर्ण ओपीडीचा आहे आणि त्याला ओपीडी रायडरच (जादा प्रीमियम भरून जोडायचं कव्हर) लागतो. तो घेताना दोन गोष्टी विचारा. एक, समुपदेशनाचे सेशन धरतात की फक्त सायकिॲट्रिस्टची फी? दुसरं, रायडरचा जादा प्रीमियम किती आणि वर्षाची मर्यादा किती? ३,००० भरून ५,००० ची मर्यादा मिळत असेल आणि तीही ठरावीक ॲपवरच्या डॉक्टरांपुरती असेल, तर ते पैसे बाजूला ठेवून आपल्याच डॉक्टरांकडे जाणं बरं.

पॉलिसीची वर्डिंग डाउनलोड करून 'सायकिॲट्रिक', 'मेंटल' आणि 'रूम रेंट' हे शब्द शोधा. ठरावीक आजारांच्या २४ महिन्यांच्या वेटिंगच्या यादीत मानसिक आजार घातलेत का ते बघा. घातले असतील तरी ते तुमच्या ३६ महिन्यांत मिळवायचे नसतात, दोन्हींपैकी जी मुदत मोठी ती लागू. मानसिक आजारासाठी वेगळी सब-लिमिट (एकूण रकमेच्या आतली छोटी मर्यादा) लिहिलेली असेल तर ती पॉलिसी सोडा. नंतर भांडून जिंकता येईलही, पण भांडण विकत का घ्यायचं? व्यसनाबद्दलचं कलम 'एक्सक्लुजन १२' या कोडखाली सापडेल (एक्सक्लुजन म्हणजे पॉलिसीत न मिळणारी गोष्ट). दारू किंवा ड्रग्जच्या उपचाराला ते सरळ नकार देतं, मात्र २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत मद्यपान आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक विकारही येतात. हा तिढा अजून सुटलेला नाही.

रूम रेंटवर मी जरा थांबतो, कारण मानसिक आजारात खरा फटका तिथे बसतो. अपेंडिक्सला तीन दिवस लागतात. इथे दोन-तीन आठवडे सहज जातात. समजा १८ दिवस ॲडमिट. पॉलिसीत रोजची मर्यादा ४,०००, खोली घेतली ६,००० ची. बिल: खोली १,०८,०००, डॉक्टर आणि नर्सिंग ५४,०००, औषधं-तपासण्या ३०,०००, रात्रंदिवस सोबत राहणाऱ्या अटेंडंटचे १८,०००. एकूण २,१०,०००. खोलीचे मिळतील ७२,०००. डॉक्टर-नर्सिंगलाही त्याच प्रमाणात, म्हणजे एक तृतीयांशाची कात्री, हातात ३६,०००. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते ३०,००० पूर्ण. अटेंडंट 'नॉन-पेएबल' यादीत, म्हणजे शून्य. मिळाले १,३८,०००, खिशातून गेले ७२,०००. रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्या, असं मी म्हणतो ते यासाठी.

पुढे कधी ॲडमिट व्हावं लागलंच, तर घरच्या कोणाला तरी पुढचं माहीत असू द्या, कारण त्या वेळी धावपळ तुम्ही करणार नसाल.

हॉस्पिटलकडे नर्सिंग होमची स्थानिक नोंदणी आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दोन्ही आहेत ना, ते आधी विचारायचं. नोंदणी नसलेल्या पुनर्वसन केंद्राचं बिल कितीही खरं असलं तरी 'हॉस्पिटल'च्या व्याख्येत बसत नाही, आणि नुसत्या पुनर्वसनाला वेगळं एक्सक्लुजन आहेच.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा नकार म्हणजे, "हे ओपीडीत करता आलं असतं, फक्त निरीक्षणासाठी ॲडमिट केलंय." त्याला उत्तर केस पेपरातच असावं लागतं. 'ॲडमिटेड फॉर डिप्रेशन' एवढ्याने भागत नाही. जेवण बंद होतं, जिवाला धोका होता, घरी सांभाळणं शक्य नव्हतं, क्लोझापिन हे औषध सुरू करून दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या होत्या, लिथियमची पातळी बघत डोस बसवायचा होता, भूल देऊन ईसीटी (विजेच्या झटक्याचा उपचार) द्यायची होती: यातलं जे खरं असेल ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहायला हवं. रोजच्या नोंदी, बदललेले डोस आणि डिस्चार्ज कार्डवर निदानाचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक; नैराश्याला एफ३२ किंवा एफ३३) हेही असू द्या.

दुसरा घोळ हिस्टरीत होतो. रात्रपाळीचे निवासी डॉक्टर विचारतात, "कधीपासून?" आई काळजीपोटी सांगते, "अहो, कॉलेजपासूनच तो गप्प गप्प असायचा." कागदावर येतं, 'आजार १२ वर्षांपासून'. फॉर्ममध्ये तुम्ही दोन वर्षं लिहिलेली असतात. डॉक्टरकडे न गेलेलं गप्प असणं व्याख्येप्रमाणे आधीपासूनचा आजार नाही, पण ते पटवण्यात तीन महिने जातात. चूक दिसली तर डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांकडून दुरुस्त करून सही-शिक्का घ्या.

कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा, असा मे २०२४ च्या परिपत्रकाचा नियम आहे. नकार आला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. निकाल तुमच्या बाजूने लागून कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर तिला दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

राहिली तुमची ग्रुप पॉलिसी. तिच्यात आधीपासूनच्या आजारांचं वेटिंग बहुतेकदा माफ असतं, त्यामुळे ती आज तुमच्या हातातली सगळ्यात भक्कम गोष्ट आहे. स्वतःची पॉलिसी नोकरी सोडायच्या आधी काढा, नंतर नको. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली, मागता येतं. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं तेवढ्या सम इन्शुअर्डपुरती वेटिंगमधून वजा होतात. तिथेही कंपनी अंडररायटिंग करू शकते, म्हणून राजीनाम्याच्या नोटिशीच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. आणि एचआरकडून कव्हर कोणत्या तारखेपासून होतं, सम इन्शुअर्ड किती होती, याचं पत्र आणि दर वर्षीचं ई-कार्ड डाउनलोड करून ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं.