माल्टातलं गावातलं जुनं घर: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

माल्टाला गेलात तर समुद्राकाठचं हॉटेल सोडा आणि आतल्या एखाद्या गावात नीट दुरुस्त केलेलं जुनं दगडी घर घेऊन राहा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणांनी विचारलंय. निवडक प्रश्न घेतेय.

ताई, मे महिन्यात जायचं ठरतंय, सोबत सत्तरीपुढचे सासू-सासरे आणि सहा वर्षांचा मुलगा. फोटोत घर तर इतकं भारी दिसतंय की लगेच बुक करावंसं वाटतं, पण त्यांना जमेल का? – एक वाचक, ठाणे

मे छान महिना निवडलात, ऊन बोचत नाही आणि घरातला गारवाही सुखाचा वाटतो. पण बुकिंग करायच्या आधी एकदा घराचा आराखडा समजून घ्या कारण फोटोत तो कधीच कळत नाही. ही घरं रस्त्याला अगदी चिकटून असतात, ओटा नाही अंगण नाही, दार उघडलं की थेट गल्ली, आणि बाहेरून अरुंद दिसणारं घर आत मात्र खोल खोल जातं. मधे उघडा चौक, त्याच्या भोवती खोल्या, वर आणखी एक-दोन मजले आणि सगळ्यात वर गच्ची. आपल्याकडच्या वाड्यात राहिलेल्यांना हे पटकन ओळखीचं वाटेल. अडचण होते ती जिन्याची. जुना दगडी गोल जिना, तिकडे त्याला गारिगोर म्हणतात, इतका अरुंद की बॅग घेऊन वर जाताना भिंतीला घासतेच, काही ठिकाणी कठडाही नसतो, आणि बेडरूम बहुतेक वेळा वर. शिवाय शेजारची दोन घरं जोडून एक केलं असेल तर एका खोलीतून दुसरीत जाताना मधेच दोन पायऱ्या येतात, रात्री अंधारात तिथेच पाय अडखळतो. म्हणून मालकाला सरळ विचारा की तळमजल्यावर झोपायची खोली आणि बाथरूम एकाच पातळीवर आहेत का, आणि एक साधा व्हिडिओ मागवा. दाखवायला टाळाटाळ केली तर ते घर सोडा.

मुलासाठी वेगळी गोष्ट, चौकात विहीर असेल. माल्टात नदी नाही, त्यामुळे गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी घराखालच्या खोदलेल्या टाक्यात साठवायची जुनी पद्धत, राजधानी व्हॅलेटा वसवताना तर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे त्या काळी माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, प्रत्येक घराला असं टाकं हवंच असा नियमच केला होता. आता बऱ्याच घरांत तोंडावर लोखंडी झाकण किंवा जाड काच बसवून खाली दिवा लावलेला असतो, दिसायला फार सुंदर. झाकणाला कुलूप आहे का तेवढं विचारा. गच्चीचा कठडा किती उंच आहे तेही विचारा, तो कधीकधी गुडघ्याएवढाच असतो.

डिसेंबरच्या सुट्टीत जातोय. रिव्ह्यूमध्ये कोणीतरी लिहिलंय की घरात कुबट वास येतो आणि भिंतीतून पूड गळते. म्हणजे रिस्टोरेशनच्या नावाखाली फसवणूक का? – एक वाचक, नाशिक

नाही हो, उलट पूड गळणारी भिंत बऱ्याचदा प्रामाणिक असते. तिथला मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड मऊ असतो, करवतीने कापता येतो इतका, म्हणून तर दारांभोवती आणि सज्जांखाली इतकं कोरीवकाम दिसतं. पण हाच दगड जमिनीतली ओल वर ओढतो, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि पृष्ठभाग पिठासारखा सुटतो. मधल्या काळात लोकांनी यावर सिमेंटचा गिलावा नाहीतर ऑइलपेंट मारला, त्यामुळे ओल आतच अडकली आणि दगड आणखी सडला. चांगलं काम करणारे तो सिमेंटचा थर खरवडून काढतात, सांधे चुन्याने भरतात आणि भिंतीला श्वास घेऊ देतात. म्हणून थोडी पूड पडणारच, बॅग आणि काळे कपडे भिंतीला टेकवू नका म्हणजे झालं. मला विचाराल तर एकदम गुळगुळीत पांढऱ्याशुभ्र भिंती असलेल्या 'हेरिटेज' घराचीच मला जास्त शंका येते.

थंडीचा मुद्दा मात्र खरा आहे. बाहेर दिवसा १७ आणि रात्री ११ अंशांच्या आसपास, नाशिकच्या माणसाला यात काय असं वाटेल, पण हवा दमट, भिंती जाड, घर उन्हाळ्यात गार राहावं म्हणून बांधलेलं, फरशी थंडगार आणि सेंट्रल हीटिंग बहुधा नसतंच. चौकातून खोलीत जायचं म्हणजे चक्क बाहेर पडायचं. त्यामुळे एसी गरम हवाही देतो का, तो प्रत्येक बेडरूममध्ये आहे का, डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, आहे का आणि विजेचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हे चार प्रश्न लेखी विचारून घ्या, कारण काही मालक वीज मीटरप्रमाणे वेगळी लावतात. पर्यटकांना घर भाड्याने द्यायला माल्टा टुरिझम ऑथॉरिटीचं लायसन्स लागतं, त्याचा नंबरही मागा. आणि घरात घालायच्या चपला न्या, पायाखाली नक्षीदार सिमेंटच्या फरश्या असतात, गोव्यातल्या जुन्या घरांत पाहिल्या असतील तशाच. त्यांच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसा, डाग पडतो.

ऑगस्टमध्ये लिया गावात घर मिळतंय, सगळे म्हणतात गाव अगदी शांत. नक्की ना? – एक वाचक, पुणे

शांतच आहे, पण तारखा कुठल्या? ६ ऑगस्टला लियाचा फेस्टा, म्हणजे गावच्या चर्चचा उत्सव, आणि हे गाव तर आतषबाजीसाठीच नावाजलेलं. फेस्टा एका दिवसात आटपत नाही, आठवडाभर आधीपासून रस्त्यांवर झेंडे, रेशमी पडदे, लाकडी खांबांवर संतांचे पुतळे, दिव्यांच्या माळा. सकाळी आठलाच सुतळी बॉम्बच्या दहापट मोठे बार सुरू होतात, संध्याकाळी बँडक्लबची, म्हणजे गावच्या बँडपथकाच्या मंडळाची मिरवणूक, आणि काही गावांत दोन बँडक्लब असतात, त्यांची आपसातली चुरस पिढ्यानपिढ्यांची. तुमच्या पुण्यातल्या माणसाला मिरवणुकीतल्या मानापानाबद्दल मी काय सांगणार! पण सांगायचं एवढंच की तुमचं घर त्या गल्लीत असेल तर रात्री उशिरापर्यंत झोप नाही आणि गाडी दारापर्यंत येणार नाही.

मला स्वतःला विचाराल तर मी मुद्दाम फेस्टाच्या आठवड्यातच घर घेईन. लाकडी बंद सज्जा असलेलं, गलारिया म्हणतात त्याला, म्हणजे आत खुर्ची टाकून मिरवणूक बघता येते. २०२३ मध्ये युनेस्कोने माल्टातल्या गावोगावच्या फेस्टाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण गावकरी ते युनेस्कोसाठी करत नाहीत, त्यांचे पैसे, त्यांची मेहनत आणि त्यांची भांडणं सगळी त्यांची. ज्यांना झोप हवी त्यांनी तारीख बघून गाव बदलावं. १५ ऑगस्टला मोस्टा, अटार्ड, गुदिया अशा बऱ्याच गावांत एकदमच उत्सव असतो, ८ सप्टेंबरला नशार. चर्चच्या घंटा मात्र बारा महिने, त्यांच्यावर इलाज नाही. आणि ऑगस्टात दुपारी बाहेर पडूच नका, गावातली दुकानंही बंद असतात.

आम्ही शाकाहारी, स्वयंपाकघर आहे म्हणून घर घेतोय. काय न्यावं लागेल? – एक वाचक, कोल्हापूर

मसाले आणि छोटा कुकर, बाकी सगळं मिळतं. भाजीची गाडी गावात येते, पाव ताजा आणि कमालीचा चांगला. पास्तिझी, म्हणजे पापुद्र्याची भरलेली पेस्ट्री, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची घ्या, पण त्याच्या पापुद्र्यात कधीकधी चरबी असते, विचारून घ्या. टोमॅटो चोळलेल्या पावात टुना मासा घालतात, नको म्हणून आधीच सांगायचं. बिगिल्ला म्हणजे वाटलेल्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी, ती तुम्हाला आवडणार. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं खारं पाणी गोडं करून आलेलं, चव आवडत नाही म्हणून लोक बाटल्या घेतात. बाटलीमागे १० सेंट डिपॉझिट असतं, रिकाम्या बाटल्या चेपू नका, मशीनमध्ये टाकल्या की पैसे परत. प्लग ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे, आपला चार्जर सरळ बसत नाही.

गावात राहिलो तर गाडी घ्यावीच लागेल का? – एक वाचक, डोंबिवली

नको. वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच आहे, पण जुन्या गावातल्या गल्ल्या इतक्या बारीक की आरसे मिटून जावं लागतं आणि पार्किंग शोधण्यात सुट्टी संपते. घर निवडताना बसस्टॉप किती लांब ते बघा, अटार्ड, बाल्झान, लिया, नशार इथून व्हॅलेटाला बस मिळते, वेळापत्रकावर मात्र फार विसंबू नका. गोझो बेटावर आर्बसारख्या गावात राहणार असाल तरच गाडीचा विचार करा, आणि फेरीबोटीचं तिकीट परत येताना घेतात हे लक्षात ठेवा. बस लांबून दिसली की हात दाखवा, नुसतं स्टॉपवर उभं राहिलात तर ती न थांबता निघून जाते.