मार्चमधला गठ्ठा

प्रश्न : माझी जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पट 34. ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपये मिळतात, तेही मार्च निम्मा सरल्यावर. ‘चार दिवसांत खर्च दाखवा’ असा निरोप येतो आणि पाठोपाठ पुरवठादाराचा बांधलेला गठ्ठा. सूट भरपूर, पण त्यातली पुस्तकं मुलं उचलतात आणि परत ठेवतात. तुम्ही प्रकाशक चांगली पुस्तकं काढता म्हणता, मग ती आमच्यापर्यंत का पोचत नाहीत?
– एक मुख्याध्यापिका, जि. सातारा

उत्तर : बाई, तुमच्या गठ्ठ्यात एखादं पुस्तक माझंही असू शकेल, म्हणून आधी कबुली देते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक पुरवठादार कोल्हापुरात माझ्या घरवजा ऑफिसात आला. माझं 32 पानी रंगीत पुस्तक त्याने उलटसुलट करून पाहिलं. किंमत 60 रुपये. ‘ताई, किंमत 150 छापा,’ तो म्हणाला, ‘आणि मला 60 टक्के सूट द्या. तुमचे 60 तुम्हाला सुटतात. मी शाळेला 30 टक्के सूट दाखवतो, शाळा खूश.’ म्हणजे शाळेला पुस्तक 105 ला पडणार आणि मधले 45 त्याचे. त्यातून गाडीभाडं, उधारी ‘आणि बरंच काही’ निघतं म्हणाला. बरंच काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. दुकानदाराला 40 टक्के दिल्यावर माझ्या हाती 36 रुपये येत होते, इथे सरळ 60. मी 2,000 प्रती 150 च्या छापल्या. त्याने 1,200 उचलल्या. उरलेल्या 800 दुकानात 150 ला कोण घेणार? त्या जिन्याखाली पडून राहिल्या, शेवटी घरच्यांनी बसून 60 चे स्टिकर चिकटवले. दोन-तीन पावसाळे त्या जिन्याखालून जाताना मी मान फिरवायची.

तुमची मुलं पुस्तक परत का ठेवतात, त्याचं उत्तरही या धंद्यातच आहे. मागणीत ‘इतकी पुस्तकं’ असा आकडा असला की पुस्तक पातळ होतं. 16 पानं म्हणजे एक फॉर्म, मधे दोन पिना, झालं. लेखकाला मानधन द्यायचं नसेल तर बिरबल, पंचतंत्र आणि थोर पुरुषांची चरित्रं कायम हाताशी असतात. मला बिरबलाशी वैर नाही. पण एकाच शाळेच्या कपाटात मी बिरबलाची सात पुस्तकं पाहिली आहेत, सातही वेगवेगळ्या प्रकाशकांची, आणि खिचडीची गोष्ट सातहींत.

आता आमच्या बाजूचं. पाठ्यपुस्तकं बालभारतीची, 1967 पासून. तो दरवाजा आम्हाला बंद, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढ्या कमी किमतीत तशी पुस्तकं आम्ही देऊच शकलो नसतो. पण मी प्रकाशनात आले तेव्हा, 1996 साली, तालुक्याच्या पुस्तकाच्या दुकानात जूनमध्ये रांग असायची. पाठ्यपुस्तकावर दुकानदाराला सुटायचं थोडंच, पण पोराचा हात धरून आलेला बाप काउंटरवरचं गोष्टीचं पुस्तकही घेऊन जायचा. माझा निम्मा धंदा त्या रांगेवर होता. पुढे आठवीपर्यंत पुस्तकं मोफत झाली, ट्रक पंचायत समितीच्या दारात उतरू लागला. व्हायलाच हवं होतं ते. फाटक्या पुस्तकाचं अर्ध्या किमतीचं गिऱ्हाईक मी पाहिलेलं आहे. पण जूनची रांग गेली. माझ्या ओळखीच्या तीन दुकानांपैकी दोन आज मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सवर आहेत. दुकान गेल्यावर शाळेपर्यंत जायला उरला तो पुरवठादारच.

मी थेट का येत नाही? तुमचे 5,000, त्यातून माझा टेम्पो आणि बिलाची वाट. कागदवाला दोन महिन्यांच्या वर थांबत नाही. तुमचं बिल कधी निघेल हे तुम्हालाही माहीत नसतं, तो तुमचा दोष नाही. आता तर ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे पैसे शाळेच्या खात्यात येऊन बसत नाहीत. खात्यावर खर्चाची मर्यादा तेवढी दिसते, आणि 31 मार्चला न वापरलेली गेली. म्हणून तो गठ्ठा तुमच्यावरचा उपकार वाटतो.

तरी करता येण्यासारखं आहे. डिसेंबरातच यादी करा : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. यादी मुलांकडून घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून ठेवा. मार्चमध्ये दरपत्रकं मागवाल तेव्हा ‘100 पुस्तकं’ असं न लिहिता हीच नावं लिहा. वरूनच यादी आली तर नाइलाज, तेव्हा तालुक्याचं पत्र आधी नीट वाचा. आणि तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, आठ शाळा एकत्र आल्या तर 40,000 होतात. तेवढ्यासाठी मी स्वतः येईन, पुस्तकं मुलांसमोर चटईवर मांडीन, जी नकोत ती परत नेईन.

एक विनंती. घेतलेली पुस्तकं कुलपात ठेवू नका. शाळांना साहित्य पुरवणाऱ्या जुन्या खडू-फळा योजनेतल्या पुस्तकांच्या लोखंडी पेट्या मला अजून आठवतात. शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या जडसंग्रह नोंदवहीत नोंद, किल्ली गुरुजींकडे, आणि प्रत हरवली तर भरपाई त्यांच्याच पगारातून जाईल ही भीती. पुस्तक फाटलं तर माझ्यासारखीला आनंदच होतो.

प्रश्न : पाठ्यपुस्तकांत वह्यांची कोरी पानं आली आणि गेली. त्याने आम्हा वह्या विकणाऱ्यांचं नुकसान झालं का?
– एक स्टेशनरी दुकानदार, इचलकरंजी

उत्तर : तुमची विक्रीवही माझ्याकडे नाही, पण शाळांत फिरताना पाहिलं ते सांगते. 2023-24 पासून चार भागांची, कोऱ्या पानांची पुस्तकं आली, 2025-26 पासून ती बंद झाली. मधल्या काळात मुलांच्या दप्तरात वह्या होत्याच. सरकारनेही मागे घेताना हेच कारण दिलं. कोरी पानं बरीचशी कोरीच राहिली, काहींवर फुली-गोळा खेळलेला दिसला. वहीबद्दल तुम्ही घाबरू नका. तुमच्या दुकानात एखादी फळी गोष्टींच्या पुस्तकांना दिलीत, तर मात्र मला कळवा.